चपलेची टाच आणि गाडीचा टायर
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेलं भाषण)



वर्धापनदिनाला दरवर्षी कुणी पाककृतींवर बोलतं, कुणी मुलांच्या अभ्यासावर, कुणी एखाद्या संताच्या चरित्रावर. यंदा चिटणीसबाईंनी मला उभं केलं आणि विषय दिला गाडीच्या टायरचा. मागच्या ओळीत हसू पिकलं ते मी पाहिलं. पण भगिनींनो, आपल्या गल्लीत आज किती घरांपुढं चारचाकी उभी असते ते मोजून पाहा. कुणाच्या लेकी चालवतात, कुणाच्या सुना चालवतात, आणि आमच्या घरची तर चूलच गाडीवर पेटते. आमचे हे सात माणसांची गाडी भाड्यानं चालवतात. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण गाडीचा हिशेब गेली अठरा वर्षं माझ्या वहीत आहे, आणि त्या वहीत इंधनाच्या खालोखाल मोठा आकडा असतो तो टायरचा. एक टायर आज पाच-सहा हजारांच्या घरात जातो. चार टायर म्हणजे एका मुलाचं वर्षाचं शिक्षण. एवढ्याच अधिकारानं मी चार शब्द सांगते.

कोपऱ्यावर चपला शिवणारे मामा बसतात ना, त्यांच्या हातात चप्पल दिली की ते माणूस न बघता सांगतात, या बाई पाय आत टाकून चालतात, या बाई टाचेवर जोर देतात. टायरचंही अगदी तसंच आहे. तो कुठं झिजला, किती झिजला आणि कसा झिजला, यावरून गाडीचं दुखणं कळतं. मात्र बघायचं कसं ते ठाऊक हवं.

आधी सोपं घेऊ. टायरचा पट्टा मधोमध झिजला आणि दोन्ही कडा चांगल्या राहिल्या, तर हवा जास्त भरली जाते आहे. टायर फुग्यासारखा मध्ये फुगतो आणि सगळा भार मधल्या भागावर येतो. उलट दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी शाबूत राहिली, तर हवा कमी आहे. इथं एक सांगून ठेवते. आमची गाडी कऱ्हाडहून कुंभार्ली घाटानं चिपळूणला सारखी जाते. घाटातल्या वळणावळणाच्या रस्त्यावर पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडा हवा बरोबर असूनही थोड्या जास्त घासतातच. तेव्हा कडा घासलेल्या दिसल्या की लगेच कुणावर ठपका ठेवू नये, गाडी कुठं फिरते तेही विचारावं.

हवा किती भरायची? पुष्कळ जण टायरच्या अंगावर छापलेला आकडा वाचतात आणि तेवढी भरतात. तो आकडा त्या टायरला सोसवेल अशा जास्तीत जास्त दाबाचा असतो, भरायचा नसतो. भरायचा आकडा गाडीवाल्या कंपनीनं ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. दार उघडलं की दिसतो. तिथं बहुतेक दोन आकडे असतात, एक थोड्या माणसांसाठी आणि एक गाडी पूर्ण भरलेली असताना. लग्नाला आठवडाभर सगळं गोत घेऊन हिंडायचं आणि हवा मात्र दोघांपुरती, असं चालत नाही. आणि मोजायची ती गाडी गार असताना, सकाळी. टायर तापला की आतली हवा फुगते. पाच-सहा अंश उष्णता वाढली की साधारण एक पौंड दाब वाढतो. चालून आलेल्या गाडीत तीन-चार पौंड जास्त दिसले तर काही बिघडलेलं नाही. पण आपले काही ड्रायव्हर भर उन्हात थांबून हवा काढून टाकतात, ‘नाहीतर टायर फुटंल’ म्हणतात. याच्याइतकं घातक दुसरं काही नाही. हवा कमी झाली की टायरच्या बगला जास्त दुमडतात, जास्त तापतात, आणि तापलेला टायर वेगात फाटतो. समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि ५ जून २०२५ पासून पुरा ७०१ किलोमीटर खुला झाला. तिथले टायर फुटल्याचे अपघात आपण वर्तमानपत्रांत वाचलेच आहेत. काँक्रीटचा सरळ रस्ता, तासन् तास एकसारखा वेग, वरून विदर्भातलं ऊन. अशा वेळी मऊ टायरची गाडी काढणं म्हणजे घरातली माणसं पणाला लावणं.

आता नायट्रोजनचं. पंपावर विचारतात, ‘नायट्रोजन भरू का?’ मुलाच्या पुस्तकात वाचलं, की आपण श्वासात घेतो त्या साध्या हवेच्या शंभर भागांत अठ्ठ्याहत्तर भाग नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरावा. त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा महिन्यातून दोनदा साधी हवा बघितलेली बरी, कारण चांगल्या टायरमधूनही महिन्याला पौंडभर हवा आपसूक कमी होते.

हे झालं हवेचं. ते घरच्या घरी सुधारतं. खरा घोटाळा असतो तो टायर एकाच बाजूनं खाल्ला जातो तेव्हा. आतली कड गेली आणि बाहेरची कोरी, किंवा बाहेरची गेली आणि आतली कोरी. याला कारण चाकांची बसण्याची ढब. मिस्त्री लोक टो, कॅम्बर आणि कॅस्टर असे तीन शब्द बोलतात. मला ते समजायला वेळ लागला, म्हणून मी माझ्या रीतीनं सांगते.

टो म्हणजे पावलं. सरळ उभ्या राहा आणि खाली पाहा. काहींची पावलं पुढं आत वळलेली असतात, काहींची बाहेर फाकलेली. गाडीची पुढची दोन चाकंही वरून पाहिलं तर अशीच आत वळलेली किंवा बाहेर फाकलेली असू शकतात. कॅम्बर म्हणजे गुडघे. समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूनं आत झुकलं आहे की बाहेर. कॅस्टर समजायला सायकलचा पुढचा चिमटा आठवा. तो सरळ खाली नसतो, तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल थोडा वेळ सरळ जाते. कॅस्टर बिघडला तर गाडी एका बाजूला ओढते, पण टायर फारसा खात नाही. टायर खातात ते टो आणि कॅम्बर, आणि त्यातही टो फार वाईट.

किती वाईट ते मुलाकडून हिशेब करून घेतलं. चाक सरळ रेषेपासून अंशाचा फक्त पाचवा हिस्सा वळलेलं आहे असं धरा. आमच्या गाडीच्या टायरला मोजलं तर पुढच्या कडेत आणि मागच्या कडेत जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक. डोळ्यांना दिसायचाही नाही. पण अशी गाडी एक किलोमीटर पुढं गेली की ते चाक साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. दहा हजार किलोमीटरमध्ये पस्तीस किलोमीटर! कऱ्हाडहून निघून पाटणच्या वाटेला लागावं, तेवढं अंतर टायर आडवा खरवडत गेला. किसणीवर खोबरं धरावं तसंच की हे.

टो बिघडल्याची खूण हाताला कळते. गाडी बंद करून, हातब्रेक लावून, टायरच्या पट्ट्यावरून तळवा आडवा फिरवायचा, एकदा बाहेरून आत आणि एकदा आतून बाहेर. एकीकडं गुळगुळीत आणि उलट फिरवताना करवतीसारखं खरखरीत लागलं, तर टो बिघडला. चाकं बाहेर फाकलेली असली तर आतल्या कडा जातात, आत वळलेली असली तर बाहेरच्या. कॅम्बरनं गेलेली कड मात्र बहुधा गुळगुळीत झिजते, आणि चाक वरून आत झुकलं असलं तर आतली कड जाते. तळवा सावकाश फिरवा, घाई नको, कारण कधी तार वर आलेली असते.

तारेचं हे मी उगाच सांगत नाही. गेल्या हिवाळ्यात आपल्या मंडळाची गणपतीपुळ्याची सहल एक दिवस पुढं ढकलली, तेव्हा काही भगिनी रागावल्या होत्या. कारण तेव्हा नीट सांगता आलं नाही, ते आज सांगते. सहलीच्या तीन गाड्यांपैकी एक आमची. आदल्या दिवशी दुपारी मी गाडी धूत होते. टायर बाहेरून पाहिले तर नक्षी चांगली, कुणीही म्हणावं अजून वर्षभर जातील. यांना म्हटलं, स्टिअरिंग पुरतं उजवीकडं वळवा, मला आत पुसायचं आहे. वळवलं, आणि पुढच्या डाव्या टायरची आतली कड दिसली. बोटभर रुंदीची पट्टी पार गोटा झालेली आणि तिच्यातून बारीक तारा बाहेर आलेल्या. दुसऱ्या दिवशी त्या गाडीत आपल्यातल्या सहा जणी बसून कुंभार्ली घाट उतरणार होत्या.

माझी वही काढली. ते टायर बसवून चौदा हजार किलोमीटर झाले होते. त्याआधीचे टायर चाळीस हजारांच्या वर गेले होते, हीच गाडी, हाच रस्ता, हेच ड्रायव्हर. म्हणजे टायर संपले नव्हते, कुणीतरी ते खाल्ले होते. मधल्या काळात उसाच्या हंगामात एका मोठ्या खड्ड्यात गाडी जोरात आदळली होती, आणि त्यानंतर एका दुकानात अलाइनमेंट करून घेतली होती. त्याची पावतीही वहीत होती, सगळे आकडे हिरवे. ह्यांनी त्या दुकानात जाऊन विचारलं. उत्तर मिळालं, ‘अलाइनमेंट बरोबर आहे, टायरचा माल खराब आहे, चारही बदलून टाका.’

मी म्हटलं, माल खराब असता तर चारही सारखे गेले असते. हा एकच, तोही आतूनच कसा जातो? मग ह्यांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडं गाडी नेली. त्यांनी मशीनला हातच लावला नाही. पुढचं चाक जॅकवर उचललं. घड्याळात नऊ आणि तीन वाजतात त्या जागी दोन हात धरून चाक डावी-उजवीकडं हलवलं, तर खट् खट् वाजलं. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तिथं काही नाही. म्हणाले, ‘वहिनी, टाय रॉडचा एंड ढिला झालाय. मशीनवर गाडी उभी असते तेव्हा चाक सरळ दिसतं. रस्त्यावर धावताना ते आपल्या मनानं फाकतं.’ बिजागरी ढिली असली तर दार बंद असताना चौकटीत बरोबर दिसतं, उघडलं की लोंबतं, तसं. तो लहानसा सांधा शेकड्यांत येतो. तो बदलला, मग पुन्हा अलाइनमेंट केली, पुढं दोन नवे टायर टाकले, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आपण निघालो. रागावलेल्या भगिनींनी पुळ्याला मोदक मागून घेऊन खाल्ले, तेव्हा तो राग समुद्रात गेला असं मी धरते.

यातून अलाइनमेंटच्या दुकानात काय बघायचं ते निघतं. मशीनवर चढवण्याआधी त्यांनी हवा सारखी केली का, सांधे, बॉल जॉइंट, बेअरिंग हलवून पाहिले का? सांधा ढिला ठेवून केलेली अलाइनमेंट म्हणजे फुटक्या माठात पाणी. कागद मागायचाच, आणि त्यावर आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे दोन्ही हवेत. नुसते नंतरचे हिरवे दाखवले तर काय सुधारलं ते कसं कळणार? आणखी एक. आपल्याकडच्या बऱ्याच लहान गाड्यांत मशीनवाला फक्त पुढच्या चाकांचा टो फिरवू शकतो. कॅम्बर बदलायची सोय त्यांत दिलेलीच नसते, आणि मागची चाकं एका अखंड दांड्यावर बसवलेली असतात. तेव्हा ‘कॅम्बरचे वेगळे पैसे’ असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारावं, तो कशानं आणि कुठं फिरवणार ते दाखवा. कॅम्बर खरंच गेला असेल तर काहीतरी वाकलेलं किंवा झिजलेलं असतं, ते शोधलं पाहिजे. परत निघाल्यावर सरळ सपाट रस्त्यावर बघायचं, गाडी सरळ जाते आहे आणि स्टिअरिंगचा आडवा दांडा तिरका उभा आहे का. तिरका असेल तर तिथूनच मागं वळायचं, आठ दिवसांनी कुणी ऐकत नाही.

गाडी एका बाजूला ओढते म्हणजे अलाइनमेंटच, असंही नाही. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात, त्यामुळं डाव्या बाजूनं चालताना गाडी थोडी डावीकडं जाणारच. सपाट जागी पाहावं. दोन्ही चाकांची हवा सारखी आहे का पाहावं. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल तर दुखणं ब्रेकमध्ये आहे. आणि काहीच सापडलं नाही तर पुढचे दोन टायर डावे-उजवे बदलून पाहावेत. ओढायची बाजूही बदलली तर दोष टायरातच. ज्या टायरवर फिरायच्या दिशेचा बाण असतो, त्यांना मात्र हा उपाय लागू नाही.

अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग ही दोन नावं लोक एकाच दमात घेतात, पण ती जुळी भावंडं नव्हेत. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचा तोल. एका बाजूला किंचित जड असलेलं चाक वेगात थडथडतं, म्हणून रिमच्या कडेला धातूचे लहान तुकडे लावून तोल साधतात. ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरलं तर बहुधा पुढच्या चाकाचा तोल गेलेला असतो. बसायची सीट थरथरली तर मागच्या. टायर बदलला, पंक्चर काढताना रिमवरून उतरवला, की तोल पुन्हा बघायला हवा.

आणि टायरवर उंच-सखल खळगे पडले, धिरड्याला पडतात तसे, आणि गाडी चालताना भुंग्यासारखी घूंऽऽ करू लागली, तर बहुतेक शॉकअप्स गेलेले असतात. बॉनेटच्या कोपऱ्यावर भार देऊन सोडून द्यावं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, पाळण्यासारखी झुलत राहिली तर शॉकअप्स बघून घ्यावेत. नवे टायर टाकून हा आजार जात नाही, नवे टायरही तसेच होतात.

टायर कधी बदलायचा याची खूण त्याच्यातच असते. नक्षीच्या खोल खाचांत तळाशी आडवे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे खोली १.६ मिलिमीटर उरली, आणि टायर संपला. नवा असताना ती साधारण आठ असते. पण आपल्याकडचा, विशेषतः कोकणातला पाऊस पाहता मी तीनच्या खाली आलेले टायर जुलैत घाटात नेऊ देत नाही. खाचांतून पाणी बाहेर पडतं म्हणून टायर रस्ता धरतो. खाचा उथळ झाल्या की गाडी पाण्यावर तरंगते आणि ब्रेक ऐकत नाही. यावर आमच्यात दरवर्षी पावसाळ्याआधी एक भांडण ठरलेलं असतं. हे म्हणतात अजून दोन महिने जातील, मी म्हणते ते दोन महिने उन्हाळ्यात का नाही आले? टायरच्या अंगावर चार आकड्यांचा एक शिक्काही असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नुसती उभी राहणारी गाडी असली आणि नक्षी नवी दिसली, तरी सहा वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा, कारण रबर वाळून त्याला भेगा पडतात.

मी वहीत काय लिहिते ते सांगते, म्हणजे कुणाला करायचं असेल तर करता येईल. टायर बसवला ती तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर. दर आठ-दहा हजारांना पुढचे टायर मागं आणि मागचे पुढं केले त्याची नोंद, कारण पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीचे पुढचे टायर लवकर जातात. मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीनं प्रत्येक टायरची खोली तीन ठिकाणी मोजते, आत, मध्ये आणि बाहेर. तीन आकडे सारखे उतरत असतील तर निश्चिंत. एक पुढं पळू लागला की मिस्त्रींकडं. आणि मोठा खड्डा लागला की त्याचीही तारीख. मागच्या टायरची आतली कड वाकून दिसत नाही, तिथं मोबाईलचा दिवा लावून हात खाली घालायचा आणि फोटो काढायचा. ही युक्ती माझ्या सुनेची.

पुढच्या महिन्यात आपली गोंदवल्याची सहल आहे. गाड्या कुणाच्याही ठरोत, हवा मोजायचा मीटर माझ्याकडं आहे, तो मंडळाचाच समजा. ज्यांना गाडी दाखवायची असेल त्यांनी आमच्या दारी आणावी, पण सकाळी सातच्या आत आणि शक्यतो जवळूनच. लांबून तापवून आणलीत तर चहा पाजून तीन तास बसवून घेईन आणि मगच मोजीन.